दादांना कुठं न्यायचं

मला बघायला आला तेव्हा कौस्तुभनं वीस मिनिटांत होकार दिला होता, पोहे संपायच्या आत. तोच माणूस बिअर कुठं प्यायची हे ठरवायला तीन आठवडे घेत होता. जेवताना फोन, ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून फोन, न्हाणीघरातसुद्धा फोन. पुण्याच्या चारही बाजूंना जिथं जिथं जागेवर बिअर तयार करतात त्या सगळ्या ब्रुअरींची त्यानं यादी केली होती. कुठं गर्दी कमी, कुठं गाणी हळू, कुठल्या खुर्च्यांना पाठ आहे, हेही त्यात होतं. खुर्च्यांच्या पाठी वाचल्यावर मी म्हटलं, "अरे, बिअर प्यायला चाललायस की कीर्तनाला?"

"दादांची कंबर दुखते," तो म्हणाला.

हा सगळा खटाटोप दादांसाठी होता. जनार्दनदादा म्हणजे कौस्तुभचे थोरले भाऊ, त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठे. बार्शीत त्यांचं पंपांच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. वडील गेले तेव्हा कौस्तुभ चौथीत होता. दादांनी स्वतःचं शिक्षण सोडून दुकान धरलं आणि धाकट्याला इंजिनिअर केलं. त्यामुळे आमच्या घरात दादांचा शब्द म्हणजे शब्द. दादा घेतात हे कौस्तुभला ठाऊक होतं, कौस्तुभ घेतो हे दादांना ठाऊक होतं, पण थोरल्यासमोर धाकट्यानं ग्लास धरायचा नाही ही त्यांच्याकडची रीत. आमच्या लग्नात दादा अचानक गच्चीवर आले तेव्हा नवरदेवानं हातातला ग्लास पाण्याच्या टाकीत ओतला होता. दुसऱ्या दिवशी सगळ्या वऱ्हाडानं त्याच पाण्यानं आंघोळ केली.

यंदा कौस्तुभला चाळीस पूर्ण झाली आणि त्यानं मनाशी घेतलं, की आता एकदा तरी दादांसोबत बरोबरीनं बसायचं. "सगळं आयुष्य मी त्यांच्या पाया पडलोय गं," तो म्हणाला, "एकदा शेजारी बसायचंय." हे बोलताना त्याचा आवाज असा झाला की पुढं चिडवायची माझी छाती झाली नाही.

सव्वीस जानेवारी सोमवारी आली होती, म्हणजे तीन दिवसांची सुट्टी. शनिवारी सकाळी दादा आणि कल्पनाताई, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, आमच्याकडे मारुंजीला उतरले आणि दुपारी आम्ही चौघं गाडीनं मुळशीला गेलो. वाल्मीक नावाच्या शेतकऱ्यानं धरणाच्या पाण्याकडेला सहा खोल्या बांधल्या आहेत, तिथं राहायचं ठरलं होतं. दादा मला फार वाळलेले वाटले. गणपतीत त्यांना कावीळ झाली होती, दोन आठवडे दवाखान्यात होते, हे आम्हाला माहीत होतं. कौस्तुभ तेव्हा रोज फोन करून उसाचा रस प्या म्हणून सांगायचा. भेटायला निघाला तर ताईंनीच डॉक्टर कुणाला आत सोडत नाहीत म्हणून थोपवलं होतं.

संध्याकाळी ओसरीवर चहा झाला आणि कौस्तुभनं ती यादी दादांपुढं धरली. "दादा, उद्या तुम्हाला एका ठिकाणी न्यायचंय. तुम्ही आणि मी. म्हणजे या दोघी पण असतील, पण बसायचं तुम्ही आणि मी." कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या. दादांनी चष्मा लावला आणि यादी वरपासून खालपर्यंत वाचली. वाचायला फार वेळ घेतला त्यांनी.

"तू ठरव," ते म्हणाले.

कल्पनाताई कप ठेवून उठल्या आणि पाण्याच्या दिशेनं चालू लागल्या. त्यांचा चेहरा बघून मीही मागोमाग गेले. पाणी बरंच खाली गेलं होतं, काठावर चिखल वाळून भेगाळला होता. ताई तिथं एका दगडावर बसल्या आणि मी काही विचारायच्या आतच बोलायला लागल्या.

"कावीळ नव्हती गं ती. म्हणजे डोळे पिवळे झाले होते, पण दारूनं. लिव्हर गेलंय त्यांचं. रात्री दुकान बंद केल्यावर थोडी म्हणून सुरू झालं होतं, मग दुकान उघडायच्या आधी लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, आता थेंब घेतला तर परत आणू नका हितं. पाच महिने झाले, शिवली नाही त्यांनी. कसे काढलेत ते त्यांचं त्यांना ठाऊक आन मला."

"मग कौस्तुभला सांगा ना. आत्ता सांगू या."

"नको." त्यांनी माझा हात धरला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "तुला माझ्या गळ्याची शपथ आहे. सगळ्या जगाला कळलं तरी चालेल, पण धाकट्याला नको, असं म्हणालेत ते. त्याच्यासमोर मान खाली गेली तर ते पिण्याआधीच मरतील."

"अहो, मग दादांनीच नाही म्हणावं."

"एवढ्या हौसेनं नेतोय पोरगं, नाही कसं म्हणू, म्हणतात. नुसते ओठ लावीन म्हणतात." ताई हसल्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "ओठ लावणारा माणूस असता तर एवढं रामायण झालं असतं का?"

मी शपथ घ्यायला नको होती. आजही मला त्याचा राग येतो. पण थोरल्या जावेचा गळा हाताखाली धडधडत असताना नाही म्हणायचं कसं, हे मला सुचलं नाही आणि मी मान हलवली.

तोंड उघडायचं नाही आणि ब्रुअरीत जाऊ द्यायचं नाही, एवढंच हातात उरलं. एक गोष्ट मला आठवली होती, ती म्हणजे सोमवारी सव्वीस जानेवारी, ड्राय डे. कौस्तुभच्या हे ध्यानात नव्हतं. रविवार कसाबसा ढकलला की काम झालं. मग दोघं भाऊ पुन्हा एकत्र येईपर्यंत वर्ष जाईल, तोवर काहीतरी मार्ग निघेल.

रविवारी मी सकाळपासून कामाला लागले. यादीतली सगळ्यात लांबची, पार मुंढव्याच्या पलीकडची ब्रुअरी मीच उचलून धरली, म्हटलं जायचं तर चांगल्याच ठिकाणी जाऊ. मग म्हटलं, एवढ्या लांब जायचं तर आज नको, उद्या सकाळीच सामान घेऊन निघू, वाटेत करू. कौस्तुभला पटत आलं होतं. तेवढ्यात वाल्मीक पिठलं-भाकरीची ताटं घेऊन आला आणि उंबऱ्यातच थांबला.

"उद्या कुटं जाताय पावणं? उद्या ड्राय डे हाय. समदं बंद. जायचं तर आजच जावा." त्यानं ताटं मांडली. "आन एवढ्या लांब कशाला? हितनं अर्ध्या तासावर हाय की एक. आमचा इंद्रायणी तांदूळ तितं जातुया. तांदळाची बिअर करत्यात त्ये. लई लोकं येत्यात."

कौस्तुभ टुणकन उठला. "इंद्रायणीची? दादा, ऐकलं का? आपल्या मातीतली!" तीन आठवड्यांच्या यादीत नसलेली ब्रुअरी एका मिनिटात ठरली. मला वाल्मीकला तिथंच त्याच्या ताटासकट धरणात ढकलावंसं वाटलं.

मग मी डोकं दुखतंय म्हटलं. कौस्तुभ म्हणाला, गोळी घे. मी म्हटलं, उलटी होतेय. तो म्हणाला, मग तू थांब, आम्ही जातो. मी म्हटलं, मला एकटीला टाकून जाणार का? आता तो माझ्याकडे नीट बघायला लागला. आमच्या लग्नाला बारा वर्षं झालीत, माझं खोटं त्याला वासावरून कळतं.

"काय चाललंय तुझं सकाळपासून?"

"काही नाही. मला जायचं नाही आणि तुम्हीही जाऊ नये असं वाटतं."

"का?"

का, ते मला सांगता येत नव्हतं. ताई ताटातल्या भाकरीचे तुकडे करत बसल्या होत्या, एकही तोंडात जात नव्हता.

"मी सांगतो का ते," कौस्तुभचा आवाज चढला. "माझ्या भावाचं कौतुक केलेलं तुला बघवत नाही. तुझ्या माहेरच्यांना मी गोवा दाखवला तेव्हा डोकं नाही दुखलं तुझं!"

एरवी मी त्याला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी मी गप्प बसले आणि तो माझ्या गप्प बसण्यालाच कबुली समजला. तो आणखी बोलत राहिला. शेवटी दादा उठले. पाण्याचा तांब्या घेऊन ओसरीवर गेले, हात धुतले, आणि पंच्याला पुसत पुसत म्हणाले, "बास. माझ्यापायी नवरा-बायकोत भांडण नको. चला, जाऊ या. माझीच इच्छा आहे म्हणून जाऊ या."

म्हणजे करायला गेले एक आणि झालं भलतंच. मी खोडा घातला नसता तर कदाचित दादांनी स्वतःच काहीतरी निमित्त काढलं असतं. आता त्यांच्या तोंडून शब्द निघाला होता.

ब्रुअरी चांगली होती, हेही सांगायला पाहिजे. काचेमागं तांब्याच्या रंगाच्या मोठ्या टाक्या, समोर कापणी झालेली भातखाचरं, हळू गाणी. खुर्च्यांना पाठही होती. येताना गाडी मी चालवणार हे आधीच ठरलं होतं, त्यामुळे माझ्यापुढं लिंबूपाणी आलं. भावांसाठी लाकडी फळीवर सहा छोटे ग्लास आले, सहा रंगांचे. आधी सगळ्या थोड्या थोड्या चाखायच्या आणि मग आवडेल ती मागवायची, अशी तिथली पद्धत.

कौस्तुभ माझ्यावरचा राग विसरला होता. "दादा, ही गव्हाची. ही आंब्याची, हंगामातला रस साठवून करतात. आणि ही आपली इंद्रायणी. आधी वास घ्यायचा." त्यानं इंद्रायणीचा ग्लास उचलला, दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसा दादांपुढं धरला आणि किंचित वाकला. आयुष्यभराची सवय, ती कुठं जाणार? त्याचे डोळे भरून आले होते. दादांनी हात पुढं केला.

आणि मी शपथ मोडली.

"कौस्तुभ, दादांना कावीळ झाली नव्हती. लिव्हर खराब झालंय, दारूनं. डॉक्टरांनी थेंबही घ्यायचा नाही म्हणून सांगितलंय. देऊ नकोस."

ताईंनी डोळे मिटून घेतले. कौस्तुभ माझ्याकडे बघायचं सोडून दादांकडे बघायला लागला. आमच्या घरात खरं-खोटं तिकडूनच ठरतं. दादांच्या मानेवरची शीर टरारली, पण ते हसले. छान हसले.

"कावीळच होती रे. बायकांच्या जिवाला उगा घोर." त्यांनी ग्लास त्याच्या हातातून घेतला. "त्याचं काय एवढं."

वास घेतला नाही, चव घेतली नाही. एका घोटात ग्लास रिकामा करून खाली ठेवला. कौस्तुभनं माझ्याकडे असं बघितलं की आता तरी पटलं का. मी काही बोलायच्या आत दादांनी स्वतःच दुसरा ग्लास ओढला. तोही तसाच गेला. कौस्तुभ "दादा, ही आंब्याची..." असं काही सांगत होता आणि सांगता सांगता थांबला. दादांची नजर आमच्यापैकी कुणावरच नव्हती. ती फळीवर उरलेल्या चार ग्लासांवर होती. पाच महिने जे कुठंतरी कोंडून ठेवलं होतं ते त्या नजरेत उघडं पडलं होतं, आणि ते बघायला कुणा डॉक्टरची गरज नव्हती.

दादांचा हात तिसऱ्या ग्लासाकडे गेला तेव्हा कौस्तुभनं त्यांचं मनगट धरलं.

"सोड," दादा म्हणाले. हळूच म्हणाले, पण घरात म्हणतात तसंच.

कौस्तुभनं हात सोडला. मला त्याचा इतका संताप आला की मी खुर्चीवरून उठले. चाळीस वर्षांचा बाप्या, आणि एका शब्दावर हात सोडतो! पण त्यानं हात सोडला तो ग्लास उचलायला. दादांच्या बोटांखालून त्यानं तिसरा ग्लास काढून घेतला आणि तोंडाला लावला. मग चौथा. मग पाचवा. दादांच्या डोळ्यांत डोळे घालून तो पीत होता, बिअर हनुवटीवरून शर्टावर सांडत होती, आणि तो रडत होता. थोरल्यासमोर ग्लास धरायची त्याची ही पहिली वेळ. ताईंनी पदर तोंडात कोंबला होता. पुढं काय, बार्शीला गेल्यावर काय, उद्या काय, यातलं मला काहीच कळत नव्हतं.

सहाव्या ग्लासाला दादांनी हात लावला नाही. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि टेबलावरून धाकट्यापुढं सरकवला.

"सावकाश पी," ते म्हणाले. "ठसका लागेल."