तहानलेली सवत

"ए किडूकमिडूक, कडेला सरा."

हा आवाज बाबांनी ऐकला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. आजोबांच्या सायकलच्या नळीवर बसले होते. मागून एक अवाढव्य गाडी आली आणि पहिल्या मजल्याच्या खिडकीतून पडावेत तसे हे चार शब्द वरून पडले. मागोमाग चाकाखालचा चिखल आला. आजोबांनी चष्मा पुसला, पायडल मारलं, विषय संपला. बाबांनी चिखल पुसला, पण शब्द तसेच ठेवले. त्याच दिवशी त्यांनी ठरवलं की आपण मोठं व्हायचं आणि उंचावरून बघायचं.

मोठेपणी ते झाले घड्याळजी. म्हणजे उंचावरून बघायचं सोडाच, दिवसभर डोळ्याला भिंग लावून खाली वाकायचं आणि तिळाएवढ्या चाकांना चिमट्याने जागेवर बसवायचं. त्यांच्या दुकानात सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे ते स्वतः. शेजारच्या खुर्चीवर आई बसते. ती रफू करते. कोटाला पडलेलं भोक ती असं बुजवते की कोटवाला भोक कुठे होतं ते शोधत बसतो. दोघांची बोटं एकसारखी, बारीक कामाची. दोघांना एक स्कूटर होती, तीही तशीच, बारीक अंगाची.

त्या स्कूटरवर आमच्या घराचा संसार चालत असे. घर चढावर, दुकान खाली बसस्टँडजवळ, वाट सात मिनिटांची. आई मागे बसायची, हनुवटी बाबांच्या खांद्यावर टेकवायची आणि त्या सात मिनिटांत सगळं सांगून टाकायची. दूध नासलं इथपासून ते मामी काय लावून बोलल्या इथपर्यंत. बाबा फक्त मान हलवायचे. त्यांची मान हलली की आईची हनुवटीही हलायची, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटायचं, यांचं प्रत्येक गोष्टीत एकमत आहे.

मग ती गाडी आली. आठ माणसांची, आणि आम्ही तीन. स्कूटर विकून, भिशी मोडून, आईच्या हातातल्या दोन बांगड्या 'थोड्या दिवसांसाठी' काढून बाबांनी ती आणली. फाटकातून शिरेना म्हणून फाटक काढलं. तरी शिरेना म्हणून फाटकालगत वाढलेली जास्वंद काढली. शेवटी ती शिरली आणि स्वयंपाकघराची खिडकी झाकून उभी राहिली. बाबांनी आईला हात धरून वर चढवलं. चढायला पायरी होती, पायरीवर चढायला स्टूल आणावं लागलं. ती वर बसल्यावर बाबांनी खालून विचारलं, "आवडली ना?"

आईने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडावर त्या क्षणी नऊ वर्षांचा मुलगा होता. आई म्हणाली, "छान आहे."

त्या दिवसापासून आई गाडीला सवत म्हणते. बाबांसमोर नाही. बाबा गिऱ्हाइकाकडे भिंतीवरचं घड्याळ लावायला गेले की ती सुईच्या तालावर गुणगुणते आणि ते परतले की दोरा दातात धरते.

सवत आली गं दारात, तिला अंगण पुरेना
एक घोट दिला, दोन दिले, तिची तहान सरेना

तहान म्हणजे काय ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी पेट्रोलपंपावर काम करते. रोज सकाळी शिडीवर चढून पाटीवरचे भावाचे आकडे बदलणं हे माझंच काम आहे. गेल्या वर्षात मी शिडी चढले ती फक्त आकडे वाढवायला. लोक खालून माझ्याकडे असे बघतात की जणू भाव मी घरी बसून ठरवते. एका रिक्षावाल्याने तर मला हात जोडून, ताई आज तरी शिडी चढू नका, अशी विनंती केली. घरी आल्यावर बाबाही चहाचा कप हातात घेऊन विचारायचे, "आज काय केलंस?" मी कपबशी फोडून आल्यासारखी आकडा सांगायची. बाबा कप खाली ठेवायचे.

पण त्यांनी गाडीला कधी बोल लावला नाही. ते घड्याळजी. बिघाड मोठा असला तरी इलाज बारीकच करणार. पहिल्यांदा त्यांनी वजन कमी करायला घेतलं. पायपुसणी काढली. जॅक काढला. गाडीसोबत आलेलं माहितीचं पुस्तक काढलं, कारण पानं फार. मग सगळ्यात मागची सीट निघाली, नंतर मधली, आणि दोन्ही आमच्या बैठकीच्या खोलीत आल्या. पाहुणे त्यांवर बसतात. मामी एकदा सवयीने पट्टा लावून बसल्या आणि निघताना सीटही घेऊन निघाल्या.

हॉर्नला वीज लागते, वीज इंजिन बनवतं, इंजिन पेट्रोल पितं, म्हणून हॉर्न बंद झाला. बाबा खिडकीतून तोंड काढून "सरका हो, सरका" म्हणत. उतारावर तर इंजिनच बंद. गाडी आपल्या वजनाने घरंगळत दुकानापर्यंत पोचायची. स्टिअरिंग इतकं जड व्हायचं की बाबा ते वळवताना उभे राहायचे, ब्रेकवर दोन्ही पाय. बघणाऱ्याला वाटायचं, गाडीत कुणी विहिरीचं पाणी उपसतंय. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे गाडीत बोलायचं नाही. इंजिनच्या आवाजावरून ते कुठल्या घोटाला किती पितंय हे बाबांना कळतं, घड्याळ कानाला लावल्यासारखं. आई काही सांगायला लागली की ते एक बोट वर करायचे. आई गप्प. दोघांच्या सीटांमधे हात टेकायचं जे काही होतं ते शाळेतल्या बाकाएवढं रुंद.

पुढे एका संध्याकाळी बाबा सहज म्हणाले की एकट्याने चढ चढला तर गाडी वाटीभर कमी पिते. ते तिला उतर म्हणाले नव्हते. पण आई म्हणाली की गुडघ्यांना चालायला हवंच आहे म्हणून डॉक्टर सांगतात, आणि दुसऱ्या दिवसापासून चालायला लागली. कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही. बाबा आठ माणसांच्या गाडीत एकटे, आई रस्त्याच्या कडेने. बहुतेक वेळा तीच आधी पोचायची.

नाही धुणं, नाही भांडी, नाही उचलत केर
सवत बसल्या जागी पिते रोज सव्वाशेर

हे ती मोठमोठ्याने म्हणायची, पण चढावर, एकटीच. म्हणताना आवाज हसरा असायचा. मी एकदा मागून चालत होते. आवाज हसत होता, ती हसत नव्हती. दूध नासलं की आता ती मला सांगायची. मामी काय बोलल्या तेही मलाच. बाबांना सांगायचं असं तिच्याकडे स्कूटरवरच्या बारा वर्षांच्या सवयीने जमत राहायचं आणि उतरवायला खांदा नव्हता. त्या दिवशी मी ठरवलं की ही गाडी जायलाच हवी.

आमच्या पंपावर एक बँडमास्तर येतात. चौदा वाजवणारे आणि दोन ढोल घेऊन ते एका छोट्या टेम्पोत हिंडतात. ढोल आत आणि माणसं टपावर. त्यांना मोठी गाडी हवी होती. भावाचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, पेट्रोल ज्याचा समारंभ त्याचं, आम्ही नुसते फुंकणारे. मी त्यांना रविवारी सकाळी घरी बोलावलं. बाबांना सांगितलं, नुसती बघणार आहेत. बाबा म्हणाले, बघायला काय जातंय.

पण गाडी दाखवायची तर नीट दाखवायची. बैठकीतली मधली सीट तरी परत जागेवर जायला हवी. बाबांनी पहाटेच आंघोळ केली, डोळ्याला भिंग लावलं आणि आत शिरले. मी आणि आईने सीट मागच्या दारातून आत सरकवली. चार नट, चार भोकं. बाबांनी एकेक नट भिंगातून न्याहाळला, त्याचे आटे मऊ ब्रशने झाडले, तेलाचा थेंब सुईने सोडला आणि केसभरही इकडेतिकडे न होता बसवला. असं काम मी पाहिलं नाही. भिंगातून नट दिसतो, सीट दिसत नाही. भिंग काढायच्या आत बँडमास्तर आले.

त्यांनी बरोबर ट्यूबा आणला होता, वेटोळं घातलेल्या अजगरासारखं ते पितळी वाद्य. हा मावला की सगळं मावलं, असं त्यांचं माप. ट्यूबाला पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावला. आम्ही तिघं मधल्या दारातून चढलो आणि तेव्हा कळलं की सीटचं तोंड मागे आहे. आई माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे. बँडमास्तर मात्र शांतपणे बसले. बाबांनी चावी फिरवली, आरशात पाहिलं. आरशात तीन चेहऱ्यांऐवजी एक अंबाडा, एक वेणी आणि एक टक्कल होतं.

बाबांचे कान लाल झाले. पण पेट्रोल जळायला लागलं होतं आणि पेट्रोल जळत असताना बाबा थांबत नाहीत. गाडी उताराला लागली, त्यांनी इंजिन बंद केलं आणि आम्ही तिघं पाठमोरे घरंगळू लागलो. आमचं घर आमच्यापासून लांब जाताना दिसत होतं. भाजीवालीने आम्हाला हात केला, आम्हीही केला. एक सायकलवाला आमच्याकडे तोंड करून मागोमाग येत होता. आम्ही एकमेकांकडे इतका वेळ बघत राहिलो की शेवटी त्याने आईला नमस्कार केला. वळणावर बाबा उभे राहून "सरका हो" ओरडायला लागले. बँडमास्तरांनी विचारलं, हॉर्न नाही का? मी कारण सांगितलं. त्यांनी मागच्या मागे हात घालून ट्यूबाचं तोंड ओढून घेतलं आणि असा एक सूर काढला की बसस्टँडवरची रांग फुटपाथवर चढली.

गाडी दुकानासमोर आपोआप थांबली. इंजिन बंदच होतं, त्यामुळे एकदम शांत झालं.

बँडमास्तर खुशीत होते. आजवर पाहिलेल्या गाड्यांमध्ये सगळ्या सीटा पुढे तोंड केलेल्या, असं ते म्हणाले. मिरवणूक मागून येते आणि वाजवणारे पुढे बघत बसतात, मग लोक कुठे नाचतायत ते कसं कळणार? ही अक्कल कुणाची? बाबांनी घसा खाकरला. बँडमास्तर म्हणाले की ते मागाल ती किंमत देतील, अट एकच, सीट अशीच राहू दे.

मला वाटलं, जमलं. आईची बोटं पदराच्या टोकाशी अदृश्य भोक बुजवत होती.

बाबा म्हणाले, "नाही देता यायची."

मी काही बोलायच्या आत तेच पुढे बोलले, बँडमास्तरांशी, पण काचेतून समोर बघत. म्हणाले की खरं सांगायचं तर त्यांना स्वतःला ही गाडी झेपत नाही. स्टिअरिंगने खांदे भरून येतात. उतारावर ब्रेक दाबून पोटऱ्या दुखतात. चढावर बायकोला कडेने चालताना काचेतून बघतात तेव्हा मान वर होत नाही. स्वतःचा विचार केला असता तर तिसऱ्या महिन्यातच विकली असती.

"पण हिला आवडते," बाबा म्हणाले. "पहिल्या दिवशीच छान आहे म्हणाली. बांगड्या गेल्या तरी कधी एक शब्द नाही. आता तिच्याकडून हीसुद्धा काढून घेऊ?"

बँडमास्तरांनी उगाचच टकलावरून हात फिरवला. मी आईकडे पाहिलं. सीट उलटी असल्यामुळे तिची पाठ बाबांच्या पाठीला लागून होती, मधे फक्त दोन गाद्या. तिचा अंबाडा आणि बाबांचं डोकं यांच्यात वीतभरही अंतर नव्हतं. इतक्या जवळ ती दोघं गाडी आल्यापासून बसलीच नव्हती. बाबांनी सवयीने एक बोट वर केलं, मग इंजिन बंद आहे हे लक्षात आल्यावर ते हळूच खाली घेतलं.

आईने मान मागे टेकली, डोकं वळवलं आणि त्यांच्या कानाशी, स्कूटरवर रोज सांगायची तशा साध्या आवाजात सांगितलं.

"अहो, मला ही गाडी कधीच आवडली नाही. तुम्ही तिच्यात फार लांब बसता."