खोकणारी फियाट

जुन्या गाड्यांचा डॉक्टर म्हणून अख्ख्या पनवेलात कमलाकरचं नाव होतं, आणि त्याची स्वतःची फियाट मात्र खोकत होती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! गॅरेजात कुणी ना कुणी टोमणा मारायचंच. कमलाकर हसायचा, पण ते त्याला सलायचं.

गाडी मुळात बापाची. काशीरामने ती उमेदीची सगळी वर्षं उरणच्या रस्त्यावर हाकली. आता म्हातारा पोटच्या पोराचं तोंड ओळखत नव्हता. सुनेला, भामाला, तो ताई म्हणायचा. पण संध्याकाळी कामोठ्यातल्या गल्लीच्या तोंडाशी फियाट खोकली की खुर्चीतून उठायचा, फाटक उघडायचा आणि म्हणायचा, "कमल्या आला." तेवढं एकच नाव त्याच्याकडे उरलं होतं.

"गाडीला हात लावू नका," भामाने बजावलं होतं. "चालते हाय ना?"

पण कारागिराचे हात गप्प बसतात होय! भंगारातून त्याने मोठ्या तोंडाचा कार्बोरेटर आणला होता. तो लावला असता तर गाडीने पेट्रोल ढोसलं असतं. म्हणून मूळचाच ठेवला. त्याचा दांडा झिजून बाजूने हवा ओढत होता, खोकला त्याचाच. कमलाकरने दांड्याची जागा कातून पितळी बुश बसवला, पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक ड्रिलने जरासं वाढवलं. इंजिन असं चाललं की बॉनेटवरचा चहा हलेना. स्वारी स्वतःवरच खूश झाली.

त्या संध्याकाळी गाडी फाटकाशी गुपचूप येऊन थांबली. म्हातारा उठला नाही.

कमलाकर चरकला. दुसऱ्या दिवशी त्याने बुश उपटला, स्क्रू ढिले केले, चांगली गाडी हाताने बिघडवली. तिने धूर ओकला, धापा टाकल्या आणि ती बंद पडली. पण तो खोकला काही येईना. वाढवलेलं भोक लहान होत नाही, कातलेलं लोखंड परत येत नाही. अतिशहाणपणा नडला, आणि तो कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

दिवेलागणीला तो पायीच घरी आला. म्हातारा फाटकाकडे डोळे लावून बसला होता.

"बा, मी कमल्या."

काशीरामने त्याला खालीवर न्याहाळलं आणि शेजारची खुर्ची पुढे सरकवली.

"बसा पावनं. कमल्या अजून आला नाय. त्याची गाडी खोकते, लांबूनच कळतं."