दोनदा विसळलेली बाटली

काशिनाथ पटवर्धनांनी बँकेत तेहतीस वर्षं लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या होत्या. टेबल, चष्मा आणि ट्यूबलाइट असल्याखेरीज कशावरही विश्वास ठेवायचा नाही, ही खोड तिथलीच. निवृत्त होऊन मुलाजवळ चेन्नईला, गिंडीच्या सोसायटीत आले तरी ती सुटली नाही, असं कुमुदिनीबाईंचं मत. नवऱ्याबद्दल त्यांची बरीच मतं होती. बहुतेक खरी होती.

सोसायटीचा पोहण्याचा तलाव दुष्काळात कोरडा पडला होता. दोन हजार पाचच्या पावसाने बोअरला पाणी आलं आणि फेब्रुवारीत तो पुन्हा भरला. तो लवकर उघडावा म्हणून कमिटीत सगळ्यांत जास्त भांडले काशिनाथराव, ज्यांना पोहता येत नव्हतं. कारण बाईंचा गुडघा. ऑपरेशनला सात आठवडे झाले तरी तो काटकोनात वाकेना. डॉक्टर म्हणाले होते, रोज पाण्यात चालवा. तीन आठवड्यांत वाकला नाही तर भूल देऊन आम्हीच वाकवू. तेव्हापासून बाईंना अन्न गोड लागत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी काशिनाथराव तलावाचं पाणी तपासायला वर घरी घेऊन आले.

"तिथेच काठावर तपासायचं असतं ना?"

"उन्हात रंग फसवतो."

"आणलंत कशातून?"

"लोणच्याच्या बाटलीतून. धुतलीय. दोनदा विसळली."

ऑपरेशनपासून भांडी तेच घासत, बायकोला सिंकपाशी फिरकू देत नसत. त्यांनी घासलेल्या ताटावर बोटाने सही करता आली असती, पण घासणाऱ्याला कोण बोलणार!

तपासणीच्या पेटीतल्या नळीत पाणी घेतलं, औषधाचे पाच थेंब पडले आणि पाणी पिवळं झालं. पेटीतल्या रंगांच्या तक्त्यात पिवळं म्हणजे आंबट पाणी. आंबटपणा मारायला काशिनाथरावांनी खाली जाऊन तलावात दहा किलो सोडा ओतला. दुपारपर्यंत अख्खा तलाव दुधासारखा पांढरा. कमिटीने ठरवलं, सगळं पाणी उपसून टाका. पुन्हा भरायला महिना. बाईंनी मनातल्या मनात तीन आठवडे त्यातून वजा केले आणि डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी तळमजल्यावरच्या जयवंतीबाई आल्या. तांबरमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. घराणं कित्येक पिढ्या तंजावरचं; त्यांचं मराठी ऐकताना जुनी पोथी कुणी तमिळ चालीत वाचतंय असं वाटे. त्यांनी बाटली उचलून हुंगली.

"अय्यो राव! ह्यांत उरुगाय होतं कीं?"

"लिंबाचं लोणचं," बाई म्हणाल्या.

"मग आंबट न दाखवेल तर काय? तलाव सोडून तुम्हीं जेवण तपासलांत!"

काशिनाथरावांचा चेहरा एवढासा झाला. जयवंतीबाईंनी त्यांना हाताला धरून काठावर नेलं. तिथल्या पाण्याचा रंग गडद जांभळट आला, म्हणजे आंबटाच्या अगदी उलट. बोअरचं पाणी मुळात चुन्याचं. सोड्याने तो चुना बाहेर काढला होता.

"उपसूं नका," त्यांनी कमिटीला बजावलं. "पाणी बिघडलं नाहीं, नुसतं रुसलंय."

तीन दिवस त्या छत्री घेऊन काठावर बसल्या. बादलीभर पाण्यात मापाने ॲसिड मिसळायचं, थोडं थोडं तलावात सोडायचं, पंप चालू, फिल्टर धुवायचा, मग तपासायचं. हे सगळं काशिनाथरावांकडून, भर उन्हात, चष्मा लावून. मंगळवारी तळाच्या निळ्या फरश्या मोजता आल्या.

बुधवारी कुमुदिनीबाई पाण्यात उतरल्या. नवरा पँट दुमडून काठाकाठाने बरोबर चालत होता, जणू बायको बुडाली तर तो काढणारच होता. बाईंनी त्याच्या दोषांची यादी चाळीस वर्षं सांभाळली होती. हा घोटाळा मात्र त्यात कुठे घालावा ते त्यांना सुचेना. तो झाला होता त्यांना सिंकपाशी उभं राहावं लागू नये म्हणून.

"तुमचे उपकार कसे फेडू?" त्यांनी जयवंतीबाईंना विचारलं.

"उपकार कसले, अक्का? रोज येऊन मराठी बोला. घरांत सगळीं तमिळच बोलतात."

बाराव्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या यामिनीने गुडघा मोजला. ब्याण्णव अंश. भूल टळली.

त्याच दुपारी जयवंतीबाईंची बेल वाजली. दारात कुमुदिनीबाई, कठड्याला धरून, घामाघूम.

"अक्का! लिफ्ट बिघडली कां?"

"लिफ्ट चांगली आहे," बाई धापा टाकत म्हणाल्या. "मी पायऱ्यांनी आले."