एकच लाईन

मोडेम किंचाळला, घरघरला आणि गप्प झाला. पडद्यावर पासवर्ड तपासत असल्याची ओळ आली न् लाईन तुटली. सकाळपासून हेच चाललं होतं.

"मेला का परत?" बर्फ फोडता फोडता तानीबायने विचारलं.

"लागतोय मावशी. लागून तुटतोय."

"मंग काड ती वायर. फोनला लाव."

भाग्येशने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दांडीच्या या बर्फ कारखान्यात फोनची लाईन एकच. वायर मोडेमला लावली की फोन मुका. आणि फोन अख्ख्या कोळीवाड्याचा. परवाच्या वादळात गुजरातकडे गेलेल्या बोटी जाफराबादच्या बंदरात शिरल्या होत्या, आणि पोचलेला जो तो तिथल्या एसटीडी बूथवरून याच नंबरवर फोन करत होता. पोचलो, एवढंच सांगायला. बाकीच्यांचे फोन काल येऊन गेले. नवशा तांडेलची बोट तेवढी राहिली होती. तिच्यावर तानीबायचा पोरगा दर्पण.

भाग्येशला हे माहीत होतं. पण आज जमलं नाही तर मालक उद्या मुंबईहून माणूस आणणार होता. कुठलाही कोर्स न करता, जुनी मशीनं उघडून उघडून शिकलेला पोरगा तो. बोईसरमध्ये असं काम त्याला परत कोण देणार? इथल्या जुन्या विंडोजवर बर्फयंत्राचे आकडे, तिकडे बोईसरच्या ऑफिसात नवं लिनक्स. दोघांना फोनवरून जोडायचं, बस. ऑफिसात बसलेल्या सुजितला तो बजावून आला होता, इथला नंबर फिरवायचं काम मशीनलाच लावून दे, काही झालं तरी थांबवू नकोस.

स्पीड कमी करून पाहिला. केबल बदलली. लागे आणि तुटे.

"पोरा." तानीबाय पाठीशी येऊन उभी होती. हातांतून पाणी निथळत होतं. "तुजी आय हाय ना?"

"आहे की. मनोरला."

"तिला तुजा फोन लागला नाय, तर ती काय करल?"

"मावशी, पाचच मिनटं."

"सकालपासना पाचच मिन्टं चालल्यात तुजी."

त्याचे कान तापले. तो परत सेटिंगमध्ये घुसला, आणि तेव्हा ती दिसली. एका कोपऱ्यात बरोबरची छोटी खूण. हे विंडोज म्हणत होतं, पासवर्ड झाकूनच दे. तिकडचं लिनक्स उघडा देत होतं. म्हणून दारातूनच हाकललं जात होतं. त्याने खूण काढली. मोडेम किंचाळला, घरघरला, आणि तुटला नाही. आकडे सरकायला लागले.

"लागला," तो म्हणाला आणि हसत मागे वळला. तानीबाय पडद्याकडे बघतच नव्हती. मुक्या फोनकडे बघत होती.

त्याने वायर उपटली आणि फोनला खोचली.

थोड्याच वेळात फोन वाजला. तानीबायने झडप घातली. "दर्पण? बोल रं."

रिसीव्हरमधली किंकाळी भाग्येशला लांबूनही ऐकू आली. सुजितचं मशीन. थांबवू नकोस म्हणून त्यानेच सांगितलेलं. तानीबायने तरी रिसीव्हर जरा वेळ कानालाच धरून ठेवला.

"तुजाच हाय," ती म्हणाली.

त्याने सुजितचा मोबाइल लावला. "मशीन थांबव."

"अरे, आत्ताच तर लागलेलं!"

"थांबव, सुजित."

मग नुसती यंत्राची धडधड. फोन परत वाजला तेव्हा तानीबाय हलली नाही.

"तू उचल."

त्याने उचलला. मागे गाड्यांचे हॉर्न, आणि बसलेला पुरुषी आवाज. "दांडी का? नवशा बोलतंय. तानीबाय हाय का तिथं?"

तिने लुगड्याला हात पुसले. रिसीव्हर घेतला.

"नवशा, दर्पणला दे."

ती ऐकत राहिली. बराच वेळ.

"कदी?"

परत ऐकत राहिली.

"बरं. बाकीची पोरं बरी हायत ना? जेवलाव का तुमी?"

तिने रिसीव्हर नीट, सरळ ठेवला. मग वाकून फोनची वायर स्वतःच्या हाताने काढली आणि भाग्येशपुढे धरली.

"घे. लाव आता तुजं."