विठाबाईंचा काळा मसाला

विठाबाईंचा काळा मसाला दौंडपासून कासुर्डीपर्यंत बऱ्याच घरांत जायचा. पण तो विठाबाईंचा आहे, हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. बाजारपेठेतल्या सविताच्या किराणा दुकानात तो साध्या पिशव्यांतून ‘घरगुती मसाला’ म्हणून विकला जाई. गिऱ्हाईक विचारी, कुणी केलाय? सविता म्हणे, “हाय एक बाई आमच्या वळखीची.”

नवरा गेल्यापासून याच मसाल्यावर विठाबाईंनी घर चालवलं होतं. मुलगी रश्मी कॉलेजात शिकत होती. २००८ साल होतं आणि तिच्या वर्गातली सगळी पोरं ऑर्कुटवर होती. एकदा सायबर कॅफेत बसून तिनं ‘दौंडचा काळा मसाला’ नावाची कम्युनिटी उघडली. मैत्रिणीच्या मोबाईलवर काढलेला आईचा फोटो लावला. मिरच्या भाजायला बसलेली आई, मागं भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. खाली आईचं पूर्ण नाव, भीमनगरचा पत्ता आणि ‘सविता किराणा इथे मिळेल’ अशी ओळ.

पुण्यात नोकरीला गेलेल्या दौंडकरांनी भराभर लिहिलं. एकानं लिहिलं, ‘गावची आमटी आठवली.’ रश्मीनं ते सगळं वहीच्या पानावर उतरवून घरी आणलं आणि आईला वाचून दाखवलं. विठाबाई लाजून हसल्या. “माझं नाव वाचत्यात व्हय गं तिकडं?” म्हणाल्या आणि पुन्हा एकदा वाचायला लावलं.

पंधरवड्यानं सविता स्वतः दारात आली. रिक्षात मसाल्याची पोती होती.

“विठाबाई, राग धरू नका. पण लोकं इचारायला लागली. आमच्या पप्पूनं कॅम्प्युटरवर बघितलं, समद्यांनी बघितलं. कासुर्डीच्या हौसरावांनी लग्नाचा मसाला नको म्हणून सांगितलंय.”

“हौसरावांच्या घरात सात-आठ वर्सं माझाच मसाला हाय की,” विठाबाई म्हणाल्या.

“तवा त्यांना ठावं नव्हतं.”

“तुम्हाला तर व्हतं ना वहिनी?”

सवितानं मान खाली घातली. “मला काय बी न्हाई हो त्याचं. पण दुकान चालवायचं हाय. फोटो काढून टाका, सहा महिने जाऊ द्या. लोकं इसरत्यात. मग पयल्यासारखं गुपचूप देऊ.”

पोती दारात उतरवून ती गेली. रश्मीला रडू फुटलं. “आये, मी आत्ता जाऊन काढते फोटो. नुस्ता मसाल्याच्या वाटीचा लावते.”

“न्हाई काढायचा,” विठाबाई म्हणाल्या. “इतकी वर्सं गुपचूपच दिला. आता न्हाई देणार.”

फोटो राहिला. कौतुकही येत राहिलं, पण कौतुक करणारे लांब होते. पुण्याच्या दोघातिघांनी एकेकदा मसाला नेला, तेवढंच. पोती भिंतीशी पडून राहिली. पावसाळ्यात त्यांना ओल धरली आणि उरलेला मसाला टाकून द्यावा लागला. रश्मीनं कॉलेज सोडलं आणि ती शिरूरला मावशीकडं राहून रांजणगावला एका कंपनीत पॅकिंगला जाऊ लागली. “तुझ्यामुळं न्हाई गं बाय,” आई तिला दर वेळी सांगायची. रश्मी ऐकून घ्यायची, पण ते तिच्या मनाला पटत नसे.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली. आईनं भाकरी थापली, आमटी वाढली. पहिल्याच घासाला रश्मीचा हात थांबला. चव ओळखीची नव्हती.

“पुडीचा हाय,” विठाबाई चुलीकडं बघत म्हणाल्या. “एकटीसाठी कोण भाजत-कुटत बसतंय?”

रश्मीनं भाकरी कुस्करली आणि वाटी पुढं केली.

“अजून वाढ, आये.”