खालची दुमड

गाडी सुटली तरी मास्तरांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली नाही. समोर बायको बसलेली. तिच्या डोक्यात एकच: मठात जायचं, धाकट्याचा कान धरायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं त्याला घरी आणायचं. आणि इकडे मास्तरांच्या पिशवीत, डब्याखाली, धाकट्याच्या दीक्षेचा झगा! आता काय म्हणावं या माणसाला? बायकोला सांगायची हिंमत नाही आणि पोराला नाही म्हणायचीही नाही.

मठाचा नियमच तसा होता. झगा घरून यायचा, घरच्यांच्या हातानं पुरा शिवलेला. झगा नाही तर दीक्षा नाही. "बाबा, झग्याचं आईला आत्ताच सांगू नका," धाकटा फोनवर म्हणाला होता. मग बायको बहिणीकडे गेलेली बघून मास्तरांनी शिलाईच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि झगा शिवून टाकला.

"अहो, पिशवी द्या इकडे. पाणी हवंय."

"मी देतो ना!"

"एवढं काय सोनं भरलंय त्यात?"

मास्तरांनी बाटली ओढली तशी झग्याची बाही बाहेर डोकावली. त्यांनी ती कोपरानं आत कोंबली. बायको पाणी प्यायली, पण नजर पिशवीवरच. हे कळलं की ही जन्मात आपलं तोंड बघणार नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मठ शेकडो वर्षांचा. लोक भिंतींवरच्या जुन्या चित्रांचे फोटो काढत होते. मास्तरांना ना भिंती दिसल्या ना चित्रं. आतल्या अंगणात धाकटा उभा होता, डोक्याचा चकोट केलेला. आई ठरवून आणलेलं सगळं भाषण विसरली आणि त्या डोक्यावरून नुसता हात फिरवत राहिली.

शेजारच्या म्हाताऱ्या भिक्षूंनी विचारलं, "झगा आणलात?"

झालं! मास्तरांनी मान खाली घालून पिशवी उघडली.

"तुम्ही शिवलात? मला न सांगता?" बायको इतकं हळू बोलली की मास्तरांना शिव्या परवडल्या असत्या.

भिक्षूंनी झगा उलगडला. खालची कड तशीच, धागे लोंबत होते. "हा अपुरा आहे. दीक्षेची घंटा व्हायच्या आत झाला तर ठीक. नाहीतर याला घरी घेऊन जा."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. उभ्या आयुष्यात त्यांनी खालची दुमड कधी घातलीच नव्हती! कापायचं, मशीन मारायचं आणि कपडा बायकोकडे सरकवायचा. काजं, बटणं, दुमड, सगळं तिचं. सुईसुद्धा तिच्याकडेच, नेहमीसारखी दोरा ओवून गळ्याशी खोचलेली.

धाकट्याचा चेहरा उतरला. आईला हवं होतं ते आयतं चालून आलं होतं. नुसतं गप्प बसायचं, बस्स.

तिनं गळ्याशी खोचलेली सुई उपसली. मग एकदम खेकसली, "घाल तो. आणि सरळ उभा राहा, वाकलास की माप चुकतं!"

ती त्याच्या पायाशी बसली. मास्तर श्वास रोखून बघत होते. ही कच्चे टाके तर घालत नाही ना, संध्याकाळपर्यंत उसवतील असे? पण टाके बारीक, घट्ट, जवळजवळ पडत होते. डोळे वाहत होते, तरी एक टाका वाकडा गेला नाही.

"आई..."

"गप्प. सुई टोचेल."

घंटा वाजायला लागली. तिनं गाठ मारली आणि दातानं दोरा तोडला.

"चार बोटं कापड आत जास्त ठेवलंय," ती म्हणाली. "उंची वाढली तर दुमड सोडून घे."

धाकटा तिशीला आला होता. "हो, आई," तो म्हणाला.