फक्त जागा बदलतोय

शिलान चार वर्षं सीरियातल्या कोबानीजवळच्या अमेरिकन तळावर दुभाष्याचं काम करत होती. २०१९च्या ऑक्टोबरात एका सकाळी तिथला कॅप्टन कुर्द तुकडीच्या प्रमुख झोझानताईंसमोर येऊन बसला. कागदात बघत तो म्हणाला, "आम्ही फक्त जागा बदलतोय."

शिलानने ते कुर्दीत सांगितलं.

"जागा तर आपले मेंढपाळही बदलतात," झोझानताई म्हणाल्या. "पण ते परत येतात. हे येणार का, विचार बरं."

कॅप्टन म्हणाला, "कागदात एवढंच लिहिलंय."

शिलानला राहवेना. तिने आपणहून विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

तो ओशाळला. "आज सकाळी. फोनवर बातमी वाचली."

शिलानने हे कुर्दीत सांगताच झोझानताई मोठ्याने हसल्या. "पाच वर्षं आयसिसशी एकत्र लढलो, आणि याला आपल्याइतकंच माहीत! चहा दे गं बिचाऱ्याला."

दुपारी अमेरिकन गाड्या निघून गेल्या. तीन दिवसांनी रशियन आले.

"रशियन येतं का तुला?" झोझानताईंनी विचारलं.

"नाही ताई."

"मग शिकायला लाग."

शिलानने रशियनांच्या दुभाष्याला गाठलं. अलेप्पोत वाढलेला तो हसरा माणूस होता. तिने विचारलं, "रशियनमध्ये 'किती दिवस राहणार' कसं म्हणतात?"

त्याने तीनदा म्हणून दाखवलं. "प्रश्न शिकवतो मी," तो म्हणाला, "उत्तर मात्र आम्हालाही कुणी सांगितलेलं नाही."